सोरायसिसच्या रुग्णांमध्ये संधिवात शोधण्यासाठी एआयची चाळणी: उपयोग किती, मर्यादा काय?

सोरायसिस म्हणजे त्वचेचा आजार, एवढेच बहुतेकांना माहीत असते. कोपर, गुडघे, डोके, कंबर येथे चट्टे येतात, त्यांवर चंदेरी पापुद्रे धरतात, थंडीत त्रास वाढतो आणि मलम लावले की काही दिवस बरे वाटते. पण हा आजार मुळात प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून होतो. जी यंत्रणा त्वचेत सूज निर्माण करते, तीच काही रुग्णांत सांध्यांत, पाठीच्या कण्यात आणि स्नायूंच्या दोऱ्या हाडाला जिथे चिकटतात त्या जागीही सूज आणते. याला सोरायटिक आर्थ्रायटिस म्हणतात. सोप्या मराठीत सोरायसिसचा संधिवात. जगभरातील अभ्यास एकत्र केले तर सोरायसिसच्या साधारण पाचांपैकी एका रुग्णाला तो होतो. भारतातील त्वचारोग विभागांतून येणारे आकडे बरेचदा यापेक्षा कमी असतात. कमी शोधले जात असल्याचा त्यात मोठा वाटा असावा, असे माझे मत आहे.

बहुतेकांत आधी त्वचा बिघडते आणि सांधे त्यानंतर काही वर्षांनी, अनेकदा सात ते दहा वर्षांनी. म्हणजे कोणावर लक्ष ठेवायचे हे आपल्याला आधीच माहीत असते. संधिवाताच्या इतर प्रकारांत अशी पूर्वसूचना क्वचितच मिळते. तरीही निदान उशिरा होते, आणि म्हणूनच कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे एआय वापरून हे रुग्ण लवकर शोधता येतील का, यावर गेल्या काही वर्षांत बरेच संशोधन झाले आहे. त्यातले एक महत्त्वाचे काम आपल्या पुण्यात झाले आहे.

दुखणे कष्टाचे की आतल्या सुजेचे?

पालघर-बोईसर पट्ट्यात सांधे न दुखणारा माणूस शोधावा लागेल. तारापूर एमआयडीसीत बारा-बारा तास उभे राहणारे कामगार, सातपाटीला मासळी सोलणाऱ्या आणि डोक्यावरून पाट्या वाहणाऱ्या बायका, केळवे-माहीमच्या पानवाड्या, डहाणूच्या चिकूवाड्या, आवणीच्या दिवसांत कमरेत वाकून चिखलात उभी असलेली माणसे. त्यामुळे कोळगावात माझ्यासमोर बसलेला रुग्ण ‘हात दुखतात’ म्हणतो तेव्हा तो स्वतःच कारणही सांगून टाकतो: काम जास्त पडले. बरेचदा ते खरे असते.

पण कष्टाचे दुखणे आणि सुजेचे दुखणे यांची वागणूक वेगळी असते. कष्टाचे दुखणे संध्याकाळी वाढते आणि रात्रीच्या विश्रांतीने उतरते. सुजेचे दुखणे याच्या उलट. पहाटे जाग येते, सकाळी बोटे आखडलेली असतात, मूठ वळत नाही, ब्रश धरायला त्रास होतो. अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ गेला, हात चालू लागले, की मोकळे वाटते. सुट्टीच्या दिवशी आराम केला तर उलट जास्त आखडते. पहिली पाळी करणारा कामगार पहाटेच घराबाहेर पडतो आणि हे आखडणे त्याच्या बसप्रवासात विरून जाते. विचारले नाही तर तो सांगत नाही.

सोरायसिसच्या संधिवाताच्या आणखी काही खास खुणा आहेत. एखादे बोट मुळापासून टोकापर्यंत एकसारखे फुगते. इंग्रजी पुस्तकांत त्याला सॉसेजची उपमा देतात. आपल्याकडे पिकलेल्या वेलची केळ्याची उपमा जास्त पटेल. टाचेखाली किंवा टाचेमागच्या जाड दोरीसारख्या शिरेपाशी दुखते आणि ते टाचेचे हाड वाढल्याचे समजून चपला बदलल्या जातात. नखांवर शिंप्याच्या अंगुस्तानासारखे बारीक खड्डे पडतात, नखे टोकाकडून सुटू लागतात. नखांत, डोक्यात किंवा नितंबांमधल्या घडीत सोरायसिस असेल तर संधिवाताची शक्यता जास्त असते. घडीतला चट्टा रुग्ण दाखवत नाही आणि आम्हीही विचारत नाही, ही अडचण आहेच.

त्वचेवर चट्टे किती, यावरून सांध्यांचा अंदाज करता येत नाही. कोपरावर रुपयाएवढा एकच चट्टा असलेल्या माणसाचे सांधे जोरात सुजलेले असू शकतात.

सहा महिन्यांची किंमत

आयर्लंडमधील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की लक्षणे सुरू झाल्यापासून संधिवाततज्ज्ञाकडे पोहोचायला सहा महिने जरी उशीर झाला, तरी पुढे हाडांची झीज आणि हातापायांचा अधूपणा जास्त आढळतो. झिजलेले हाड औषधाने परत भरून येत नाही. ज्याचा रोज हाताच्या पकडीवर अवलंबून आहे त्याच्यासाठी याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे हे सहा महिने सहज निघून जातात. पहिला महिना दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांवर. मग कोणी युरिक अॅसिड तपासते. सोरायसिसमध्ये ते थोडे वाढलेले असू शकते, त्यामुळे ‘गाऊट’चा शिक्का बसतो आणि डाळ-मासे बंद होतात. मग आरए फॅक्टर केला जातो. तो निगेटिव्ह आला की ‘संधिवात नाही’ असे सांगितले जाते. वास्तविक सोरायसिसच्या संधिवातात आरए फॅक्टर बहुधा निगेटिव्हच असतो. २००६ पासून वापरल्या जाणाऱ्या कॅस्पर निकषांत तर तो निगेटिव्ह असण्याला निदानाच्या बाजूने एक गुण मिळतो. सीआरपी आणि ईएसआरसुद्धा अनेक रुग्णांत नॉर्मल येतात. शेवटी कोणीतरी स्टिरॉइडचे इंजेक्शन देते, दोन आठवडे जादू होते, आणि त्याचा असर उतरला की त्वचेचा सोरायसिस कधी कधी आधीपेक्षा वाईट उसळतो. सोरायसिसच्या रुग्णाने तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय पोटातून किंवा कमरेत स्टिरॉइड घेऊ नये, हे येथेच सांगून ठेवतो.

एआयच्या आधीची चाळणी: पाच प्रश्न

एआयबद्दल बोलण्याआधी एक साधी गोष्ट. ब्रिटनमध्ये २००९ मध्ये ‘पेस्ट’ नावाची पाच प्रश्नांची यादी तयार झाली. कधी एखादा सांधा सुजला आहे का? कोणा डॉक्टरने संधिवात असल्याचे सांगितले आहे का? नखांवर खड्डे आहेत का? टाच दुखली आहे का? कारण नसताना एखादे पूर्ण बोट सुजून दुखले आहे का? तीन किंवा जास्त उत्तरे ‘हो’ आली तर संधिवाततज्ज्ञाकडे पाठवायचे. सोरायसिसच्या प्रत्येक रुग्णाची वर्षातून निदान एकदा अशी तपासणी व्हावी, अशी ब्रिटनच्या नाइस या संस्थेची शिफारस आहे. खर्च शून्य, वेळ दोन मिनिटे.

ही यादी मराठीत विचारताना मात्र गंमत होते. ‘डॉक्टरने संधिवात सांगितला आहे का’ या प्रश्नाला आमच्याकडे निम्मे लोक ‘हो’ म्हणतील, कारण ‘वात आहे’ हे आपल्याकडे प्रत्येक सांधेदुखीला दिले जाणारे उत्तर आहे. ‘सूज’ म्हणजे एकाला सांधा फुगणे, दुसऱ्याला पाय जड होणे. नखांच्या खड्ड्यांबद्दल विचारले की रुग्ण पहिल्यांदाच आपली नखे निरखून पाहतो. वाडवळी, मांगेली, वारली बोलणारे रुग्ण आणि परप्रांतातून आलेले कामगार यांना तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारावा लागतो. शिवाय या यादीत पाठदुखीचा प्रश्नच नाही. ज्यांचा आजार कण्यापासून सुरू होतो ते तिच्यातून सुटू शकतात. मी स्वतः सहावा प्रश्न जोडतो: पहाटे कंबर आखडून जाग येते का आणि चालल्यावर बरे वाटते का?

ही अडचण लक्षात ठेवा, कारण एआयलाही शेवटी हीच माणसे आणि हीच उत्तरे मिळणार आहेत.

एआय नेमके काय बघते?

या कामासाठी एआय वेगवेगळ्या वाटांनी वापरले जात आहे. मला सर्वांत उपयोगी वाटते ती फोटोची वाट. पुण्यातील केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरचे संधिवाततज्ज्ञ डॉ. सनत फाटक आणि आयसर पुणे येथील प्रणय गोयल यांच्या गटाने भारतीय रुग्णांच्या हातांचे फोटो साध्या स्मार्टफोनने काढले आणि सुजेचा संधिवात असलेले हात व निरोगी हात यांतला फरक संगणकाला शिकवला. मनगट, तर्जनीचा मधला सांधा आणि मधल्या बोटाचा मधला सांधा यांकडे त्यांनी विशेष लक्ष दिले. प्राथमिक निकाल उत्साह वाढवणारे आहेत.

संगणक हे शिकतो कसे? त्याला ‘सूज म्हणजे काय’ अशी व्याख्या कोणी देत नाही. तज्ज्ञाने तपासून ‘सुजलेला’ किंवा ‘न सुजलेला’ असे नाव दिलेले शेकडो फोटो त्याला दाखवले जातात. तो प्रत्येक फोटोतील उजेड-सावली, कडा, रेषा यांचे बारीक तुकडे करून तुलना करतो, अंदाज बांधतो, चुकला की स्वतःच्या आकडेमोडीत थोडा बदल करतो, आणि हे हजारो वेळा करतो. आता आपल्या बोटाच्या मधल्या सांध्याच्या मागच्या सुरकुत्या पाहा. सांधा आतून फुगला की त्या ताणल्या जाऊन पुसट होतात. स्वित्झर्लंडमधील लोझानच्या गटाने नेमक्या या सुरकुत्यांवरून सूज ओळखण्याचे काम केले आहे. अनुभवी डॉक्टरही नकळत हेच पाहत असतो. फक्त त्याला ते शब्दांत सांगता येत नाही.

पुण्याचे काम सोरायसिसपुरते नाही, ते सुजेच्या संधिवातासाठी आहे. सोरायसिसच्या रुग्णांत बोटांवरच चट्टे असतील तर फोटो वाचणे आणखी अवघड होणार. तरी हे संशोधन आपल्या माणसांच्या हातांवर झाले, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. गोऱ्या त्वचेवर सोरायसिस गुलाबी-लाल दिसतो. सावळ्या त्वचेवर तो जांभळट, करडा किंवा तपकिरी दिसतो आणि सांध्यावरची लाली तर जवळजवळ दिसतच नाही. फक्त गोऱ्या हातांवर शिकलेले साधन आपल्याकडे आणले तर ते काय चुका करेल याची कल्पना करा.

दुसरी वाट जुन्या नोंदींची. इस्रायलमध्ये मकाबी या मोठ्या आरोग्यसेवेच्या नोंदींवर असे काम झाले आहे: निदान होण्याच्या काही वर्षे आधीपासूनच्या भेटी, तपासण्या आणि औषधे यांच्यात काही नमुना सापडतो का, हे संगणकाने शोधायचे. एखादा सोरायसिसचा रुग्ण वर्षभरात तीनदा वेदनाशामक घेतो, हाडांच्या डॉक्टरकडे जातो, हाताचा एक्स-रे काढतो. प्रत्येक डॉक्टरला एकच तुकडा दिसतो. संगणकाला सगळे एकत्र दिसतात. कल्पना उत्तम आहे. पण त्यासाठी तीच नोंद वर्षानुवर्षे एका जागी हवी. आमच्या रुग्णांची नोंद म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीतले चार कागद, त्यांतले दोन पावसात भिजलेले.

अमेरिकेत ‘सोरकास्ट’ नावाच्या अभ्यासात फोनमधल्या सेन्सरचा वापर झाला. बरणीचे झाकण उघडतो तसा फोन टेबलावर फिरवायचा आणि मनगट व खांदा किती वळतो हे फोनने मोजायचे. जर्मनीतील एर्लांगेनच्या गटाने एमआरआय वाचणारी प्रणाली तयार केली. त्यात एक विचार करायला लावणारी गोष्ट दिसली: ज्यांना फक्त त्वचेचा सोरायसिस होता, सांध्यांची तक्रार नव्हती, त्यांचेही बरेच एमआरआय संगणकाने सोरायटिक आर्थ्रायटिसच्या गटात टाकले. सांध्यांतले बदल दुखण्याच्या आधीच सुरू होत असावेत, असा त्याचा एक अर्थ निघतो. पण प्रत्येक सोरायसिसच्या रुग्णाचा एमआरआय काढणे आपल्याला परवडणारे नाही, त्यामुळे ही वाट सध्या संशोधनापुरतीच.

आमच्याकडचे हात

फोटोवरून चाळणी करणारे साधन उद्या पालघरच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तर ते कुठे अडखळेल?

पहिले म्हणजे चिकुनगुनिया. पावसाळ्यानंतर तापाबरोबर सांधे सुजलेले रुग्ण येतात आणि ताप गेल्यावरही काहींचे सांधे महिनोन्‌महिने दुखत राहतात. फोटोतली ती सूज आणि सोरायसिसच्या संधिवाताची सूज यांत फरक करायचा तर ‘ताप कधी आला होता’ हे विचारावेच लागेल. दुसरे म्हणजे नखे. सतत पाण्यात हात असणाऱ्यांच्या, म्हणजे भातशेती आणि मासळीचे काम करणाऱ्यांच्या नखांत बुरशी सर्रास असते. ती नखे जाड, पिवळी, सुटलेली दिसतात, थेट सोरायसिससारखी. काही जणांना तर दोन्ही असते. नख खरवडून बुरशीची तपासणी करणे ही जुनी, स्वस्त पद्धत तेथे कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा भरवशाची आहे. तिसरे, रसायनांशी काम करणाऱ्यांच्या तळहातांवर होणारा इसब सोरायसिससारखा दिसतो. आणि मग यंत्रात सापडून वाकडी झालेली जुनी बोटे, घट्टे, मेंदी, नेलपॉलिश, न निघणाऱ्या अंगठ्या.

यांतले काहीच न सुटणारे नाही. इथल्या हातांचे फोटो घेऊन, इथल्या तज्ज्ञांनी त्यांना नावे देऊन साधनाला पुन्हा शिकवता येते. म्हणून एखादी कंपनी असे साधन घेऊन आली तर ‘अचूकता किती टक्के’ हा माझा पहिला प्रश्न नसेल. कोणत्या माणसांवर तपासले, त्यांत चिकुनगुनियाचे किती होते, बुरशीच्या नखांचे किती होते, हे मी आधी विचारेन.

टक्केवारीच्या पलीकडचा हिशेब

समजा, सोरायसिसचे १,००० रुग्ण आहेत आणि त्यांतील १०० जणांना अजून न ओळखलेला संधिवात आहे. साधन असे आहे की आजार असलेल्या १०० पैकी ८५ जणांना ते पकडते आणि आजार नसलेल्या १०० पैकी ८० जणांना योग्य रीतीने सोडते. (हे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत.) मग १०० पैकी ८५ सापडले, १५ सुटले. उरलेल्या ९०० पैकी १८० जणांना मात्र उगाच ‘संशय आहे’ असे उत्तर मिळाले. एकूण २६५ जणांना पुढे जायला सांगितले, त्यांतले खरे रुग्ण ८५, म्हणजे तिघांतला एक.

हे वाईट आहे का? माझ्या मते नाही. तीन जणांना तज्ज्ञाकडे पाठवून एकाचे हात वाचत असतील तर चाळणी चांगली म्हणायची. पण तेच साधन सोरायसिस असो-नसो गावातल्या प्रत्येक माणसावर वापरले, आणि हजारात एकालाच हा आजार असेल, तर एका खऱ्या रुग्णामागे सुमारे २०० जण उगाच धावतील. म्हणून ही चाळणी सोरायसिसच्या रुग्णांसाठीच आहे, सर्वांसाठी नाही. आणि सुटलेले १५ विसरू नका. ‘मोबाइलने नाही सांगितले’ म्हणून तो माणूस आणखी वर्षभर दुखणे अंगावर काढेल, ही भीती मला उगाच पाठवलेल्या १८० पेक्षा मोठी वाटते.

क्षयरोगाशी तुलना करून पाहू. छातीचा एक्स-रे वाचणाऱ्या संगणकप्रणालीला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरील लोकांच्या चाळणीसाठी मान्यता दिली. मुंबईतील क्यूर डॉट एआय ही कंपनी अशा प्रणालींसाठी जगात ओळखली जाते. तेथे यंत्राने संशय दाखवला की बेडका तपासून खरे-खोटे करता येते, आणि ती सोय तालुक्यापर्यंत आहे. सोरायसिसच्या संधिवातासाठी अशी एकच निर्णायक तपासणी नाही. हाताने सांधे दाबून पाहणारा जाणता डॉक्टर, एक्स-रे, काही वेळा सोनोग्राफी, आणि या सगळ्याची बेरीज म्हणजे निदान. जाणता डॉक्टर हाच यातला सर्वांत दुर्मिळ भाग आहे.

चाळणीनंतर कुठे जायचे?

पालघर जिल्हा २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला आणि मुख्यालय कोळगावात आले. कार्यालये जवळ आली, पण संधिवाततज्ज्ञासाठी रुग्णाला अजून बहुधा मुंबईचीच गाडी धरावी लागते. जाऊन-येऊन अख्खा दिवस, एक दिवसाचा रोज, सोबत एक माणूस. पहिल्या भेटीत तपासण्या लिहून देतात, म्हणजे दुसरी फेरी. एआयने २६५ जणांना ‘पुढे जा’ सांगितले आणि पुढे जागाच नसली तर चाळणीचा उपयोग काय?

माझ्या मते एआयचा खरा उपयोग येथे आहे: या २६५ जणांची रांग लावण्यात. कोणाला या आठवड्यात पाठवायचे, कोणाला महिन्याने पुन्हा पाहायचे, कोणाचा फोटो आधी दुरून तज्ज्ञाला दाखवायचा. फोटो, पाच-सहा प्रश्नांची उत्तरे आणि सीआरपीचा रिपोर्ट एकत्र करून दूरसंवादाने मुंबई-पुण्याच्या तज्ज्ञाकडे गेला तर पहिली फेरी वाचू शकते. उपचार एकदा ठरले की पुढची देखरेख माझ्यासारखा डॉक्टर करू शकतो: रक्ताच्या तपासण्या, औषध नीट घेतले जाते का, दुष्परिणाम.

या आजारावर औषधे आहेत, आणि लवकर सुरू झाली तर चांगली लागू पडतात. मेथोट्रेक्सेट हे स्वस्त व जुने औषध अनेकांना दिले जाते. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते, म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर लिहून ठेवा. गर्भधारणेची शक्यता असेल किंवा दारूची सवय असेल तर डॉक्टरला आधी सांगा. त्याने भागले नाही तर बायोलॉजिक इंजेक्शने असतात. अडॅलिम्युमॅबसारखी काही आता भारतातच तयार होतात, तरी महाग आहेत, आणि ती सुरू करण्याआधी दबलेला क्षयरोग आहे का हे पाहावे लागते.

फोनला विचारताना

अनेक रुग्ण आता दवाखान्यात येण्यापूर्वी एखाद्या चॅटबॉटला विचारून येतात. त्यात मला गैर वाटत नाही. लक्षणे नीट मांडायला, काय विचारायचे याची तयारी करायला त्याची मदत होते. मात्र ‘काळजीचे कारण नाही’ हे त्याचे उत्तर अंतिम मानू नका आणि त्याने सुचवलेले औषध घेऊ नका. भारताच्या २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार एआय डॉक्टरला साहाय्य करू शकते, पण रुग्णाला थेट सल्ला देणे किंवा औषध लिहून देणे त्याला मना आहे. त्याच वर्षापासून आजार ओळखण्यासाठी वापरले जाणारे सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत येते, आणि आयसीएमआरने २०२३ मध्ये आरोग्यक्षेत्रातील एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. कारखान्यात किंवा शिबिरात कोणी तुमच्या हातांचे फोटो घेत असेल तर ते कशासाठी, कुठे साठवणार, मालकाला दिसणार का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. आजार कळल्याने काम जाईल या भीतीने कामगार दुखणे लपवतात, तेव्हा हा प्रश्न लहान नाही.

एआय असो वा नसो, फोटो मात्र जरूर काढा. या आजाराची सूज येते-जाते आणि भेटीच्या दिवशी बोट नेमके बरे असते. सूज असेल त्या दिवशी, सकाळी, खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर दोन्ही हात पालथे ठेवून, बोटे थोडी फाकवून फोटो घ्या. नेलपॉलिश आणि अंगठ्या काढलेल्या असाव्यात, नखे स्पष्ट दिसावीत. एक फोटो मूठ वळून, पायाची बोटे सुजली असतील तर त्यांचाही एक. चेहरा नको. तारीख आणि सकाळी किती मिनिटे आखडले होते ते वहीत लिहा. असे चार फोटो आणि दोन ओळींची नोंद घेऊन आलेल्या रुग्णाचे निदान किती सोपे होते, ते सांगून पटणार नाही.

सोरायसिसच्या रुग्णाने काही गोष्टींसाठी मात्र फोटो, अॅप, अपॉइंटमेंट कशाचीच वाट पाहू नये. एकच सांधा अचानक लाल-गरम होऊन ताप आला तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना आणि अंधूक दिसू लागले तर तो ‘डोळे आले’चा प्रकार समजून दुकानातले थेंब घालू नका, डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा आणि सोरायसिस असल्याचे आवर्जून सांगा. अंगभर त्वचा लाल होऊन पापुद्रे सुटू लागले किंवा पुवाच्या बारीक पुटकुळ्या उठल्या, तर भरती होण्याच्या तयारीने जा आणि गेल्या महिन्यात घेतलेल्या सर्व गोळ्या-इंजेक्शनांची पाकिटे सोबत न्या.